पाया खांदायच्या आधी बोला

आबा, तुमाला जाऊन लई वर्सं झाली, पण ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगू? मला अक्षर येत न्हाई. म्या बोलतेय आन् नात लिहितेय. ती भोरला नगरपालिकेत इंजिनिअर हाय, घरं बांधायची परवानगी देतात त्या खात्यात. माझं बोलणं मधेच सुधरून लिहिते म्हणून तिला दोनदा दटावलंय.

तिच्या बापानं, म्हणजे तुमच्या नातवानं, भोरात नवं घर बांधायला काढलं. नकाशा दिला तर तो जिना चुकला म्हणून परत आला. जिना सुधारला तर दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, शेजारच्या हद्दीपासून अंतर कमी. तेवढं अंतर सोडलं तर तिसऱ्यांना शोषखड्डा दिसेना. दर खेपेला नवा नकाशा आन् नव्यानं रांग. भाड्याच्या खोलीत बसून म्या म्हणायची, "परवानगी येईस्तोवर म्या टिकते का बघा, न्हाईतर भिंत होईल ती माझा फोटो टांगायला." नातीचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणायची, "आजी, घरची फाईल मला हातात धरता येत नाही."

"मग परक्याची तरी नीट धर," म्या म्हटलं, आन् तिला तुमच्या गवंडीकामातली, विंझर गावची एक सकाळ सांगितली.

म्या आठ वर्सांची, तुमची भाकरी घेऊन आलेय. तुमी मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर आखलंय. मालक, मालकीण, शेजारी, सुतार, सगळ्यांना त्या पांढऱ्या रेघांत उभं करून तुमी तंबाखू मळायला घेताय. "ही मळून होईस्तोवर ज्याला जे खुपतंय ते बोला. पाया खांदल्यावर जो बोलंल, कुदळ त्याच्या हातात." मालकीण म्हणते, चुलीचा धूर देवापाशी जाईल. शेजारी म्हणतो, तुमच्या पागोळ्या माझ्या अंगणात. तुमी न चिडता रेघ पुसताय, दुसरी मारताय. भाकरी सोडायच्या आत ते घर चारदा मोडून बांधून होतं, एक दगड न हलवता.

दुसऱ्या दिवशी नातीनं हे तिच्या साहेबांना सांगितलं. साहेब आधी हसले म्हणे, मग विचारात पडले. आता दर बुधवारी सगळ्या टेबलांवरची माणसं एका नकाशाभोवती बसतात आन् सगळ्या चुका एकाच कागदावर लिहून देतात. मागनं कुणाला नवी चूक आठवली तर त्यानं ती आपल्या घरी न्यायची. तंबाखूला तिथं बंदी हाय, म्हणून चहा संपेस्तोवर बोलायचं.

आमच्या फाईलीची पाळी आली त्या दिवशी नात उठून बाहेर थांबली. तुमचा नातू घरी आला तो बारशाचा सांगावा आणल्यासारखा.

"सात चुका निघाल्यात, आई."

"मग हसतोस कशापायी?"

"एकदाच निघाल्यात."

पुढच्या बुधवारी परवानगी आली. काल जागेवर आखणी झाली. म्या काठी टेकत फक्कीच्या आत शिरले, स्वैपाकघरात उभी राहिले आन् नातीला हळूच म्हटलं, "ही रेघ वीतभर तिकडं सरकव की."

"आजी, नकाशा मंजूर झालाय. बुधवारी बोलायचं होतंस."

तुमचंच बियाणं, आबा. लई हसले म्या.

पण एक सांगायचं राहिलंय. हिर्डोशीला आपलं घर आखलंत तवा तुमी हात धुवायला वढ्यावर गेला होता. चुलीकडची रेघ म्या पायानं दीड वीत सरकवली, तुमच्याच फक्कीनं नीट केली. पाया झाल्यावर माप चुकलं म्हणून तुमी मापाच्या दोरीला दोष दिलात आन् चांगली दोरी फेकून दिलीत. आई त्या दीड वितीत पाय पसरून भाकऱ्या थापायची. तिला ठाऊक होतं. ती बोलली न्हाई.

नात लिहायची थांबून माझ्याकडं बघतेय. हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, डब्यात राहू दे म्हटलंय तिला. तुमी वाचलंत तर दोरी घेऊन उठून याल, आन् त्या दोरीची काय बी चूक नव्हती.