ओरडण्याआधीचे तीन फोटो

शनिवार, संध्याकाळ. अलास्का, तंबूत.

मीरा सुखरूप आहे. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

दुपारी ती स्की करत उतार उतरत होती, मी समोरच्या कड्यावरून फोटो काढत होतो. तिच्या वरच्या बर्फात भेग पडलेली मला कॅमेऱ्यातून दिसली. रेडिओ खांद्यालाच होता. तरी मी आधी तीन फोटो काढले, मग रेडिओवर ओरडलो. तीनच. किती वेळ लागतो तीन फोटोंना?

ती बाजूला वळली. वरून घसरत आलेला बर्फ तिच्या कमरेपर्यंत येऊन थांबला.

मघाशी चहा देताना म्हणाली, “थँक्स यार, वेळेवर ओरडलास. फोटो दाखव ना.”

म्हटलं, “थंडीने बॅटरी डेड झाली.”

बॅटरी माझ्या शर्टाच्या खिशात आहे. गारठू नये म्हणून मी ती नेहमी छातीशी ठेवतो.