वळणाची जागा सूनबाईच्या नावे

मी, श्रीमती वत्सलाबाई बारकू गोवर्धने, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, माजी सरपंच, राहणार मौजे जांभूळखिंड, तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक, लिहून ठेवते की माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके त्याहून ठणठणीत आहे आणि हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांना विचारा. घोटीच्या डॉक्टरांनी तपासताना आज वार कोणता ते विचारले, ते मी सांगितले. त्यांच्या दवाखान्याचा बोर्ड रस्त्यावर किती पुढे आला आहे तेही सांगितले. सर्टिफिकेट ताबडतोब मिळाले.

मसुदा इंदिरानगरच्या वकीलबाई तृप्ती यांनी वाचला. "आजी, रुसवेफुगवे मृत्युपत्रात बसत नाहीत," असे त्या म्हणाल्या. "मग बसवा," असे मी म्हणाले.

कलम १. राहते घर मुलगा मनोज आणि सून निकिता यांना मिळून द्यावे. माळ्यावरची अडगळ मनोजने काढायची आहे. उद्या काढतो, उद्या काढतो, असे तो आपल्या लग्नाच्या आधीपासून म्हणत आहे.

कलम २. ओढ्याकाठची भातखाचरे एकट्या मनोजला द्यावीत. त्याच्यासारखा भात गावात कोणी पिकवत नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. पोरगा मेहनती आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. फक्त गोड बोलणारा माणूस भेटला की तो विरघळतो.

कलम ३. पुतळ्यांची माळ आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलगी पल्लवीला द्यावे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याची जबाबदारीही तिचीच. भावाच्या डोळ्यांत पाणी आले की ती पाघळते. तेवढे तिने सांभाळावे.

कलम ४. आता वळणाची जागा. वकीलबाईंनी या कलमाला दोन ओळी सुचवल्या होत्या. दोन ओळींत ते मावत नाही.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झाले तेव्हा मला उभे केले. आमच्या ह्यांना वाटले, सही ही करील आणि कारभार मी करीन. पहिल्याच मासिक सभेला त्यांना मी बाहेरच्या बाकावर बसवले. त्यानंतर ते बिचारे मला घ्यायला यायचे, तेवढेच.

आमचा रस्ता घोटीच्या फाट्यापासून खिंडीपर्यंत जांभळांच्या सावलीतून येतो, आणि वळणावर आला की धरणाचे सगळे पाणी आणि पलीकडचे डोंगर एकदम समोर उभे राहतात. नाशिकची, मुंबईची माणसे गाड्या थांबवून नुसती बघत राहतात. मग प्लॉटवाल्यांचे बोर्ड यायला लागले. जांभळांना खिळे ठोकले गेले. मी ग्रामसभेत ठराव मांडला: या रस्त्यावर बोर्ड नाही, फ्लेक्स नाही, पाण्याच्या बाजूला कमरेपेक्षा उंच कुंपण नाही, आणि जांभळाला कुऱ्हाड तर सोडाच, खिळाही नाही.

अक्काबाई उठली. माझी शेजारीण आणि जन्माची वैरीण. "रस्त्याला काय अब्रू असती का गं? डांबर हाय ते!"

"तुझ्या दारावर कुणी बोर्ड ठोकला तर चालंल?" मी विचारले. "मग हे गावाचं दार हाय."

ठराव मंजूर झाला. हात अक्काबाईचाही वर होता. आपण पदर सावरत होतो, असे ती आजही सांगते.

पण ठरावाला दात हवेत. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भातलावणीला, सावड असते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, पण ज्याचे खाचर त्याने सगळ्यांना जेवू घालायचे, आणि जो जेवला त्याने कामाला हात लावायचा. मी तीच रीत ठरावाला जोडली. नियम मोडेल त्याच्याकडे गाव सावडीला जाईल, बोर्ड उतरवून देईल, आणि जेवण त्याने घालायचे. दोघांना कोंबडी-भात घालावा लागला. तिसरा बोर्ड उभाच राहिला नाही.

पुढे आमचे हे गेले, आणि त्या दुःखातून मी वर येते न येते तोच मनोजने वळणावरची आमची जागा शहरातल्या एका हॉटेलवाल्याला तोंडी देऊन टाकली. सातबारा माझ्या नावावर, पण कसणारा तो, आणि रीत कसणाऱ्यालाच जबाबदार धरते. त्या माणसाने डोक्याच्या वर जाईल एवढे पत्र्याचे कुंपण मारले. पाणी दिसेना, डोंगर दिसेना. पत्र्यावर मात्र डोंगराचे भलेमोठे चित्र काढले होते. मला संताप आला आणि रडूही आले.

गाव पहारी घेऊन माझ्या दारात आले. मनोज पक्का. त्याने स्वयंपाकघराला कडी घातली आणि पुढे उभा राहिला. "जेवण नाय, तर सावड नाय. रीत तुमचीच हाय."

बोलला ते खरे होते. मी रांधले असते तर ते सरपंचाचे जेवण झाले असते, त्याच्या घरचे नव्हे. माझाच नियम माझ्या दारात आडवा झाला होता. लोक माझ्याकडे बघत होते.

कडी निकिताने काढली. पोरगी पंचवटीतली, भाजीबाजारात वाढलेली, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तोवर आमच्यासमोर तिचा आवाज फारसा निघत नसे.

"या घरची मी पण आहे ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग बसा सगळे. भात टाकते."

एकेक पंगत उठू लागली. डाळीचा वास सुटला होता आणि मनोज सकाळपासून उपाशी होता. शेवटच्या पंगतीला तो सवयीने येऊन बसला. निकिताने गुपचूप वाढले. दुसऱ्यांदा भात घेतला तरी त्याच्या ध्यानात येईना.

अक्काबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "जेवलास ना रं? आता उचल पहार."

पहिला पत्रा माझ्या मुलाने उचकटला. एकेक पत्रा आडवा होत गेला आणि पाणी पुन्हा दिसू लागले. गाड्या थांबल्या, बाया ओरडल्या, एक ट्रकवाला हॉर्न वाजवायचा थांबेना. त्या दिवशी मी जिंकले, आणि मला जिंकवले माझ्या सुनेने. पुढे शेजारच्या गावांनी आमचा ठराव मागून नेला.

हॉटेलवाल्याचा फोन या दिवाळीत पुन्हा आला. मनोज हळू आवाजात बोलला. मला कमी ऐकू येते अशी त्याची समजूत आहे. मी डोळे मिटल्यावर ते पत्रे परत उभे राहतील, हीच एक धास्ती मला आहे. सबब, वळणाची जागा माझ्या पश्चात एकट्या निकिता मनोज गोवर्धने हिची राहील. त्या जागेच्या कोणत्याही कागदावर मनोजची सही चालणार नाही.

कलम ५. गावजेवणाची पातेली ग्रामपंचायतीला द्यावीत.

कलम ६. माझा पाटा-वरवंटा अक्काबाईला हवा आहे. वर्षानुवर्षे ती मागते आहे. साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी अक्काबाईला साक्षीदार केले आहे.

कलम ७. मी गेल्यावर माझा फोटो आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" असा फ्लेक्स त्या रस्त्यावर लागता कामा नये. नियम मलाही आहे. तरीही मनोजने मायेपोटी लावलाच, तर गाव पहारी घेऊन दारात येईल. निकिता, तू भात टाक, आणि त्याला पहिल्या पंगतीला बसव.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समोर सही केली आहे. त्या दोघांनी माझ्या समोर केली.

सही: वत्सलाबाई बारकू गोवर्धने

साक्षीदार:
१. अक्काबाई, राहणार जांभूळखिंड (डाव्या हाताचा अंगठा)
२. भिकन, ग्रामपंचायत शिपाई, राहणार जांभूळखिंड (सही)

स्थळ: जांभूळखिंड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५