मूळचे कुठले?

रविवार, संध्याकाळ

तो प्रश्न डोक्यातून जातच नाहीये.

केतकीला आज आमच्या या हिंदी मुलखातल्या गावच्या, ओमती भागातल्या जुन्या गल्ल्या पायी दाखवल्या. बँकेतल्या बदलीवर पुण्याहून आलेली माझी नवी शेजारीण. इथे कोण कुठून येऊन वसलं, हे तिला पाहायचं होतं. दिसेल त्याला एकच विचारत सुटली, "आप मूल कहाँ के?" काहून विचारते असं? माणसं आहेत, आंब्याच्या पेट्या नाहीत.

पापडवाले भैया म्हणाले, "यहीं पैदा हुआ, दीदी."

"नहीं, असल में?"

त्यांचा हात थांबला. "सिंध. पिताजी भागकर आए थे."

"अच्छा! फिर वापस नहीं गए कभी?"

भैया गोड हसले. "नहीं. आप कब जा रही हैं?"

केतकीचं तोंड एवढंसं झालं. मी फिस्सकन हसले. बरी जिरली!

मग भैया माझ्याकडे वळले. "आप क्यों हँस रही हैं? आप भी तो मराठी हैं."

लहानपणापासून यांच्याकडूनच पापड घेऊन राहिले मी. माझे पणजोबासुद्धा याच गावात जन्मले.

म्हटलं, "मैं तो यहीं की हूँ, भैया."

पुडी बांधता बांधता, वर न बघता ते म्हणाले, "नहीं, असल में?"