एका गुंठ्याहून लहान

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रशिक्षण सुरू झाले. विषय — 'ऊस क्षेत्राच्या भू-स्थानिक माहितीचे व्यवस्थापन'. ठिकाण — बारामती, एमआयडीसीतील एका संस्थेचे वातानुकूलित सभागृह. निवृत्तीस काही महिने उरलेल्या शेतकी अधिकाऱ्याची कारखान्याने उपग्रहाशी ओळख करून द्यावी, याला काटकसर म्हणता येणार नाही. पण घरी एकटे बसण्यापेक्षा बरे, असे वरिष्ठांना वाटले असावे. पत्नी संजीवनी गेल्यापासून सर्वांनाच माझ्याविषयी असे काहीतरी वाटत असते.

प्रशिक्षिका राजलक्ष्मी, वडगाव निंबाळकरची. तिचे वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. उपग्रहाच्या चित्रावर प्रत्येक शेताभोवती रेघ ओढायची, त्या आकृतीस पॉलिगॉन म्हणायचे आणि तिला शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, उसाची जात जोडायची. मी 'बहुभुज' हा शब्द सुचवला. वर्ग हसला. तीही हसली, पण शब्द फळ्यावर लिहिला.

डब्यात शेपू. स्वयंपाकाला येणाऱ्या द्वारकाबाईंना मला शेपू आवडत नाही हे सांगायचे राहून गेले आहे. वर्ष होऊन गेले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज 'थर'. नदी एका थरात, रस्ते दुसऱ्यात, ऊस तिसऱ्यात. नको असलेला थर झाकता येतो. झाकलेला थर पुसला जात नाही, असे राजलक्ष्मीने दोनदा सांगितले. मला दोनदा सांगण्याची आवश्यकता नव्हती.

बुधवार, १० सप्टेंबर

सरावासाठी प्रत्येकाने ओळखीचे एक शेत निवडायचे होते. मी निरवांगीचे आमचेच निवडले. संध्याकाळी जागेचे बिंदू टिपणारे जीपीएस यंत्र हातात धरून बांधाने फिरलो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला आहे.

पूर्वेच्या बांधावर वृंदावन आहे. आमच्याकडे माणसाला स्वतःच्या रानात अग्नी देतात आणि त्या जागी तुळस लावतात. संजीवनीची तुळस तेथे आहे. तिच्याभोवतीही चार बिंदू घेऊन रेघ पूर्ण केली. तेवढ्या जागेत ऊस नाही. उसाच्या क्षेत्रातून ती वजा झाली पाहिजे. यंत्राने विचारले — प्रकार? यादीत विहीर, विजेचा खांब, झाड, शेड आणि इतर एवढेच पर्याय होते.

'इतर' निवडले.

बांधापलीकडे माझे चुलत भाऊ दत्तोबा यांचा गट. नऊ वर्षांपूर्वी मी सरकारी मोजणी आणली. तीत त्यांचा बांध दोन फूट मागे गेला. माझे बरोबर निघाले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. संजीवनीच्या अंत्यविधीस मात्र ते आले, आणि मी उभा राहण्याच्याही स्थितीत नसताना "हितं" म्हणून जागा त्यांनीच दाखवली. नेमकी बांधावर. आता तो बांध पुन्हा हलवण्याचे माझ्या मनात येणार नाही, हे त्यांनी ओळखले असणार. धूर्तपणाला दाद द्यावी लागते.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज माहितीची साफसफाई. रेघा ओढताना दोन शेतांच्या मध्ये बारीक तुकडे राहतात. राजलक्ष्मी त्यांना 'चिंध्या' म्हणते. एका गुंठ्याहून लहान असा प्रत्येक तुकडा संगणक हुडकतो, आणि ज्या शेजाऱ्याला तो सर्वांत अधिक चिकटलेला असेल त्याच्या शेतात मिसळून टाकतो. एक कळ दाबली. काम झाले.

वृंदावन दिसेना. दत्तोबांच्या उसात गेले होते.

मी म्हणालो, "हा तुकडा चिंधी नाही."

राजलक्ष्मी वाकून पाहू लागली. "सर, तीन बाजूंनी त्यांचाच ऊस आहे. तुमची एकच बाजू लागतेय. मग ते सॉफ्टवेअर तरी काय करणार?"

मी नेहमी माझ्या बाजूने जातो, माझ्याच बाजूने परततो. उरलेल्या तीन बाजू मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"पण आहे काय तिथे?" तिने विचारले.

मी म्हणालो, "इतर."

शुक्रवार, १२ सप्टेंबर

प्रश्न केवळ भावनेचा नाही, हे येथे नोंदवतो. दत्तोबांचा ऊस यंदा तोडणी यंत्राला लावला आहे. सर्व नकाशे मंगळवारी यंत्राच्या ठेकेदाराकडे जातील. चालक त्याच्यासमोरच्या पडद्यावर दाखवलेले अडथळे तेवढे टाळतो. एवढ्या उंच उसात त्याला दुसरे काही दिसत नाही. आणि नकाशाप्रमाणे तेथे आता ऊस आहे. म्हणजे यंत्र संजीवनीवरून जाईल, आणि कागदोपत्री ते योग्यच असेल.

सत्य काय ते राजलक्ष्मीस सांगितले. तिने तो तुकडा पडद्यावर मोठा करून पाहिला. मग म्हणाली, दुरुस्ती होईल; तुमच्या शेतात स्वतंत्र अडथळा म्हणून दाखवू; फक्त शेजारच्या शेतकऱ्याची लेखी संमती लागते.

ते मला ठाऊक होते. तोंडी संमती ग्राह्य धरू नये, कोणासही अपवाद करू नये — हे परिपत्रक दोन वर्षांपूर्वी मीच काढले होते. भाषा निर्दोष आहे. पळवाट शोधून पाहिली, ठेवलेली नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

संमतिपत्राचा मसुदा केला. 'सदर इतर' हा प्रयोग खटकला. पुन्हा केला.

द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सोमवारी अहेव नवमी. सवाशीण कोन सांगितली?" नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झाले, त्यामुळे संजीवनीची ही पहिलीच नवमी.

मी म्हणालो, "तुम्हीच जेवा."

"माझं कपाळ मोकळं हाय, सायेब. मला कशी चालंल?" मग भाकरी उलटून, माझ्याकडे न पाहता, "जवळचं घर एकच हाय. पर तुमी कशाला जाताय तितं."

रविवार, १४ सप्टेंबर

गेलो. दत्तोबा अंगणात बाजेवर बसले होते.

"या तात्या. मोजायला आला का बसायला?"

विषय मोजण्याचाच असल्याचे सांगितले. उभ्यानेच निवेदन केले — बहुभुज, एका गुंठ्याची मर्यादा, तोडणी यंत्र, संमतीचा नियम. निवेदन संपल्यावर दत्तोबा म्हणाले, "म्हंजी वैनी आत्ता माझ्या उसात हाय."

"नकाशात."

"आन् तुमाला ती तुमच्यात पायजे."

"होय."

"मोजणीच्या वक्ताला आसं दारात आला आस्ता, तर दोन काय, चार फूट दिलं आस्तं. आना हिकडं. कुठं करू सही?"

सही केली. कागद माझ्याकडे देताना म्हणाले, "पर यंतर काय वैनीवरनं जाऊ दिलं आस्तं व्हय मी? म्होरं हुबा ऱ्हायलो आस्तो की."

मी निदर्शनास आणले की उंच उसामुळे चालकास ते दिसलेच नसते.

"मग वरडलो आस्तो."

अशी तरतूद परिपत्रकात नाही.

त्यांच्या पत्नी फुलाबाई दारात उभ्या होत्या. सही चालू असताना दोन पावले पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. मी त्यांना सवाष्ण म्हणून निमंत्रण दिले. 'उपस्थित राहावे' असे शब्द तोंडातून निघून गेले.

दत्तोबा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "जा गं. उपस्थित ऱ्हा."

सोमवार, १५ सप्टेंबर

अहेव नवमी. फुलाबाई आल्या. द्वारकाबाईंनी वडे, आमटी, गवार, खीर असे सर्व केले होते. साडी आणि ओटीचे सामान मी आणले होते. ओटी द्वारकाबाईंना भरता येईना, आणि ती कशी भरतात हे मला ठाऊक नव्हते. शेवटी फुलाबाईंनी स्वतःच पदर पुढे केला आणि काय कशानंतर घालायचे ते मला सांगत गेल्या.

जेवताना खिरीची वाटी त्यांनी तोंडाला लावली आणि थोड्या थांबल्या. गोड कमी आहे का, असे विचारले.

"न्हाय, चांगली हाय. अक्का जायफळ घालायच्या, यवढंच."

नऊ वर्षे या घरात त्यांचे पाऊल पडलेले नाही. संजीवनीच्या खिरीत जायफळ असते हे त्यांस कसे ठाऊक, असे विचारले.

"आनायच्या की बांधावर. वाटी झाकून. तुमी कारखान्यावर गेला की दुपारच्याला आमी दोगी बसायचो. शेंगा सोलायच्या, काय तरी बोलायचं."

"किती दिवस?"

"रोजच, भावजी. पावसाचं छत्री घिऊन."

मी विचारले, बांधाच्या कोणत्या बाजूला? विचारल्यावर प्रश्न मलाच विचित्र वाटला. त्यांना वाटला नाही.

"आमच्या अंगाला. तुमच्याकडं बसलं आन् कारखान्याचा कोन मानूस ऊस बघायला आला तर? त्यो सांगायचा सायबाला."

म्हणजे दोन्ही घरांतील अबोला काटेकोरपणे पाळणारा मी एकटाच होतो. माझे सारे कर्मचारी त्या बांधाने येजा करत, आणि कार्यालयास सुगावा नाही. रागवावे असे ठरवले होते. जमले नाही. ती दुपारी एकटी नसे, एवढेच पुन्हा पुन्हा मनात येत राहिले.

निघताना फुलाबाई उंबऱ्यात थांबल्या. "मग अक्का आता तुमच्याकडं आल्या म्हना."

होय म्हणालो. संमतिपत्र पिशवीत ठेवले आहे. उद्या दुरुस्ती दाखल होईल.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सकाळी निघण्याच्या वेळी फुलाबाई पुन्हा दारात. चपलाही न घालता आल्या होत्या. म्हणाल्या, दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात संजीवनीने त्यांना आणि दत्तोबांना बोलावून सांगितले होते — "मला तुमच्या अंगाला ठिवा. म्हंजी ह्यांना तुमच्याकडं यावं लागंल."

मी विचारले, मग वर्षभर सांगितले का नाही?

"तुमी बोलताय कुठं आमच्यासंगं?"

बारामतीस गेलो. 'अडथळा — यंत्राने टाळावा' अशी नोंद करविली. 'कोणाच्या क्षेत्रात' येथे राजलक्ष्मी माझे नाव लिहू लागली, तिला थांबवले. दत्तोबांचे लिहिले.

संमतिपत्राची आता आवश्यकता उरली नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे बसायला जाणार आहे.