टिकली लावलेली टूलं

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून टूलचं कपाट माह्याकडं. भगवानराव मालक म्हणे, विमलबाई, शनिवारपर्यंत एकही टूल अदलाबदल झालं नाही तर तुमी कायमच्या टूल इन्चार्ज. अकरा वर्षं याच्या वर्कशॉपात झाडू मारला, तवा कुठं याले अक्कल आली. मशीन आंधळी. प्रोग्रामनं तीन नंबर म्हटलं की तीनच्या खाचेत जे बसवलं असंन ते जॉबमधी, म्हणजे कापायच्या लोखंडात, घालते. निवृत्ती ऑपरेटर डोळे असून आंधळा. मागच्या महिन्यात दोन जॉब फोडले मेल्यानं.

४ फेब्रुवारी
अनुपमा, ते डिप्लोमावाली, प्रोग्राम लिहिते. म्हणे, काकू, टूलवर नंबर कोरू, अन् मशीन चालू करायच्या अगोदर प्रोग्रामच्या कागदाशी ताडून पाहू. म्हटलं, नंबर विसराळू लोकायसाठी. नांदुऱ्याच्या बाजारातून टिकल्या आणल्या. ज्या रंगाची टिकली टूलले, तेच खाचेले. निवृत्तीले बजावलं, नंबर पाहायचा नाही, टिकली पाहायची. म्हणे, काकू, या टूलायले हळदी-कुंकवाले बोलावता काय? दात काढून राह्यला होता. काढू दे.

५ फेब्रुवारी
दिवसभर एकही चूक नाही. लाईट नव्हती, मशीन बंद होती. पण चूक नाही म्हणजे नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी ११
टूल थंड ठेवाचं कूलंटचं पाणी लागलं अन् टिकल्या सुटल्या. साऱ्या खालच्या ट्रेमधी तरंगून राह्यल्या. टिकलीवाला चोर. निवृत्तीनं दुसऱ्या जॉबसाठी टूलं काढून टेबलावर ठेवली होती. तो चहाले गेला तेवढ्यात नव्या चिकटवल्या. दोन ड्रिल सारखीच दिसतात, एक बोटभर लांब. कोणाले कोणती होती, पक्कं ध्यानात आहे. अनुपमाले काऊन विचारू? डोक्यावर बसंन.

दुपारी ४
लांब ड्रिल आखूडच्या खाचेत. मशीननं आखूड समजून घातलं आत. ड्रिलचे तीन तुकडे, जॉब गेला, मशीन बंद. निवृत्ती साऱ्यांसमोर म्हणे, मी काकूची टिकली पाहूनच लावलं. पाह्यली टिकली, पण ड्रिलकडं पाहाले काय झालं होतं याले? मालकाले मी हेच सांगतलं. तो ड्रिलचे तुकडे उचलून अनुपमाकडं गेला. पटलं असंन.

७ फेब्रुवारी, शनिवार
अनुपमानं साऱ्या टूलवर नंबर कोरले. कपाटावर मालकाच्या सहीचा कागद लागला. निवृत्तीनं मुद्दाम मोठ्यानं वाचला. एक, टूलचा नंबर पाहणे. दोन, कागदाशी ताडून पाहणे. तीन, विमलबाईनं हात न लावणे.
बाकी कोणाचंच नाव नाही त्याच्यात. खुशाल जळा.
झाडू मारून घरी आली.