हिरव्या मशीनवर गार्ड टिकत नाही

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. पार उत्तरेतल्या बोल्गातांगाहून निघालेली बस सगळीकडे थांबत थांबत कुमासीला आली. पाय सुजलेत, पण मन हलकं आहे. सुआमेच्या कारखान्यांच्या गर्दीत मास्टर दांक्वांचं वर्कशॉप सापडणं कठीण जाईल असं वाटलं होतं, पण फाटकं आणि जाळ्या बनवणारे म्हटल्यावर एका टायरवाल्याने थेट दारात आणून सोडलं. मास्टर साठीचे, पोट सुटलेले, हसरे. प्रमाणपत्रं मी काढतच होते, तर म्हणाले ती राहू देत, वेल्डिंगचा एक जोड मारून दाखव. मारला. अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "लारिबा, उद्यापासून कापण्याच्या कामाची मुकादम तू."

मुकादम! आईला कळवलं तर ती फोनवरच नाचली.

दुपारी समोर सेरवा मामीच्या टपरीवर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, तळलेला मासा आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरचीची चटणी. बाफो नावाचा उंच कारागीर माझा कामाचा जाड गॉगल बघून म्हणाला, "काय सिस्टर, पोहायला निघालीस का?" सगळे खिदळले. मीही हसले. माणसं बरी आहेत. इथे जमेल.

५ फेब्रुवारी

आज लोखंड कापायचे ग्राइंडर तपासले आणि डोकं उठलं. एकाही मशीनवर गार्ड, चकतीवरचं लोखंडी झाकण, नाही! विचारलं तर म्हणे गार्डने आखलेली रेघ दिसत नाही. चकती फुटल्यावर काय दिसणार आहे, ते कुणी सांगत नाही.

कोपऱ्यातलं हिरवं मशीन तर बघवेना. मशीन लहान, भन्नाट वेगाचं, आणि त्यावर चकती चढवलेली मोठ्या मशीनची. एवढी मोठी चकती गार्डमध्ये मावतच नाही, म्हणून गार्ड काढायचा! मी सगळ्यांना उभं करून सांगितलं. चकतीवर वेग छापलेला असतो, त्याहून जोरात फिरवली की तिच्या चिंधड्या होतात. कापायच्या पातळ चकतीने घासायचं नाही. दोन्ही हातांनी धरायचं. फिरायची थांबल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. आणि चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुकडे त्याच रेषेत उडतात. बाफोने जांभई दिली. "चर्चमध्येसुद्धा मी इतका वेळ गप्प बसत नाही गं बाई."

सगळे गार्ड एका खोक्यात गंजत पडले होते. घासले, बसवले. हिरव्याची मोठी चकती काढून हातोडीने फोडली आणि तुकडे भंगारात टाकले.

६ फेब्रुवारी

हिरव्याचा गार्ड काढलेला. वर पुन्हा मोठी चकती. बाफोला चांगलं झापलं. तो शपथा घेत बसला. मी पुन्हा सगळं नीट केलं.

७ फेब्रुवारी

पुन्हा तेच! बाकीच्या मशीनचे गार्ड जागच्या जागी, फक्त हिरव्याचा नाही. बाफोला म्हटलं, थट्टा करायची तर माझी कर, माणसांच्या डोळ्यांशी खेळू नकोस. या वेळी तो हसला नाही. "आईची आण, त्या मशीनला मी हात लावत नाही," म्हणाला. "तूही लावू नकोस, सिस्टर." मग कोण लावतं? सगळे आपापल्या कामाकडे बघायला लागले.

मास्टरांकडे गेले. ते म्हणाले, पुढच्या शनिवारी चर्चचं फाटक द्यायचंय, गार्डचं नंतर बघू. नंतर! मला मुकादम कशाला केलंत मग?

१० फेब्रुवारी

शनिवारी जाताना हिरवं मशीन माझ्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

सकाळी उघडलं. गार्ड एका कोपऱ्यात, त्याचा स्क्रू नीट बाजूला ठेवलेला. मशीनवर मोठी चकती.

बोट लावलं. चकती गरम होती.

११ फेब्रुवारी

टपरीवर जेवण तसंच ताटात राहिलं. सेरवा मामीने ते पाहिलं आणि स्वतःहून शेजारी येऊन बसली. हिरवं मशीन सार्पोंगचं, म्हणाली. इथला सगळ्यात हुशार कारागीर. एकदा असंच घाईचं काम होतं, लहान चकत्या संपल्या होत्या. मोठी चढवली, म्हणून गार्ड काढला. ती फुटली. मामी हातातलं फडकं त्याच्या गळ्यावर दाबून बसली होती, इथेच, रस्त्यावर. तो वाचला नाही. तेव्हापासून त्या मशीनवर गार्ड टिकत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यांना! आणि मी आठवडाभर बाफोवर ओरडतेय. एकानेही तोंड उघडू नये?

तशीच तडक मास्टरांकडे गेले. ते मशीन फेकत का नाही, विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "फेकलं तर त्याला वाटेल, मी विसरलो."

१३ फेब्रुवारी

व्होल्टेज खालीवर झालं. चालू असलेली मशीनं सगळी जळाली. फाटक अर्धं.

मास्टर म्हणाले, हिरवं काढा. मी नाही म्हटलं. शेजारून मशीन मागून आणते म्हटलं, आणायलाही गेले, कुणी देईना. चर्चवाल्यांकडून एक दिवस मागून घ्या म्हटलं. मास्टर ऐकेनात. शेवटी बाफोच उठला. म्हणाला, तू सांगशील तसं करतो, पण जवळ उभी राहा. गार्ड बसवून वर तारेने आवळला. चकती योग्य मापाची. माझा गॉगल त्याला दिला.

उद्या सकाळी.

१४ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

तार सुटत होती. माझ्या डोळ्यांदेखत. एकेक पीळ उलटा. मग गार्ड हळूहळू फिरला, कुणी हाताने फिरवावा तसा, आणि खाली पडला. बाफोचं लक्ष रेघेवर. मी ओरडले, आवाजात ऐकू गेलं नाही. प्लग उपटला.

प्लग माझ्या हातात होता. मशीन फिरत राहिलं. त्याच्यावरची चकती वाढत—

फुटली.

गॉगलला तडा गेला, डोळा वाचला. बाफोचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडा. रेषेच्या बाजूला उभा होता म्हणून जिवंत आहे. एवढं एक ऐकलं होतं त्याने माझं. गाडीत माझा हात धरून म्हणत होता, "मी ऐकलं ना सिस्टर? ऐकलं ना?"

१५ फेब्रुवारी

वर्कशॉप बंद. मास्टर बाहेर अंगणात बसलेत, कुणाशी बोलत नाहीत. त्यांना विचारलं नाही. पक्कड घेतली आणि हिरव्याची वायर मुळापासून कापली. भंगारवाल्याला गाडी घेऊन बोलावलंय. तो येईपर्यंत आत बसून लिहितेय. लाइटही गेली आहे. दारातून ऊन आत आलंय. मशीन दाराजवळच्या बाकावर.

चकती नव्हती त्याच्यावर. मी पाहिलं होतं. नव्हती.

आता आहे.

फिरतेय— वायर नाही, लाइट नाही—

रेषेतून बाजूला झाले. भिंतीला पाठ. मशीन बाकावर वळलं. तोंड माझ्याकडे. डावीकडे सरकले. तेही— उजवीकडे— तेही—

दाराकडे जाता येत नाही.

मास्टर दारात. आत येऊ नका म्हणतेय. येतायत. टोपी काढली. मशीनशी बोलतायत— "सार्पोंग, लेकरा, तू नको म्हणत होतास. मोठी चकती मीच लावायला लावली रे. या पोरीला सोड."

वळलं. त्यांच्याकडे.

रेषेत उभे आहेत. सरकत नाहीत. दार मोकळं आहे, ते मला हाताने जा म्हणतायत— मी नाही जा— मास्टर, बाजूला व्हा, एक पाऊल, मास्टर, फक्त एक—