सातव्या प्रकरणातली जीप

२१ सप्टेंबर, रविवार
अकोल्याहून प्रेसवाल्या गजाननभाऊंचा फोन. "म्याडम, तुमची फाईल आमच्या मशीनवर उघडली का अर्धे जोडाक्षरं उडून राह्यले." म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून तपासणं आलं. स्वतःचं पुस्तक स्वतः काढायची हौस! कॉलेजात मराठी शिकवून सुखानं राहत होते, ते बघवलं नाही. आता लेखिका मीच, प्रुफं मीच तपासायची, गठ्ठेही मीच उचलायचे. पहिला खर्डा परीक्षेतल्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहिला होता. त्यातलं एकही अक्षर उडालं नव्हतं.

बाबांनी पुस्तक तयार व्हायच्या आधीच प्रकाशनाचा मुहूर्त काढून ठेवलाय. ९ नोव्हेंबर, सकाळी. जन्मभर लोकांच्या लग्नामुंजींचे काढले, घरचा सोडतील का. प्रकाशन त्यांच्याच हस्ते, पत्रिकेत नावही छापून झालं.

त्यांना आता वाचवत नाही, म्हणून रोज संध्येनंतर एकेक प्रकरण मी वाचून दाखवते. आज आठवं काढलं तर म्हणाले, "सातवंच वाच." परवाही सातवंच. बाप जीप करून धारणीला जातो आणि नवऱ्याच्या मारातून लेकीला सोडवून अमरावतीला आणतो, ते प्रकरण. नावं बदलली आहेत. पण तो बाप म्हणजे बाबा आणि ती लेक म्हणजे माझी मंगलताई, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल.

ताईला अजून दाखवलेलं नाही. बाकीच्या सगळ्या कटकटी एकीकडे आणि ही एकीकडे.

२४ सप्टें., बुध.
अकोला. मुखपृष्ठाचा निळा रंग छापून आला तो जांभळा. गजाननभाऊ म्हणे, वाळल्यावर बसते. काय बसते देव जाणे.

तिथून जुन्या शहरात ताईकडे, तिच्या शिवणाच्या दुकानात. गिऱ्हाइकं होती, बायका ब्लाऊजच्या गळ्यावरून वाद घालत होत्या. पिशवीतला प्रुफांचा गठ्ठा दोनदा काढला, दोनदा आत घातला. शेवटी ताईच म्हणाली, "हे काय लपवून राह्यली?"
"पुस्तक. तुझ्यावर आहे थोडं. तू हो म्हटल्याशिवाय छापणार नाही."
"थोडं म्हंजे किती? ब्लाऊजपीस का अख्खं लुगडं?"
बायका हसल्या. मीही हसले. गठ्ठा तिच्याकडे ठेवून निघाले. बसमध्ये मात्र एकच घोकत राहिले. नाही म्हणाली तर? सातवं काढलं तर पुस्तकात उरतं काय? बाकीची प्रकरणं त्याच्याच आधारावर उभी आहेत.

२७ सप्टें., शनि.
ताईचा फोन नाही. मीही केला नाही. मलपृष्ठाचा मजकूर चार वेळा लिहिला, प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा थोर झालेली. फाडून टाकला.

२९ सप्टें., सोम. घाईत.
आज सरस्वती आवाहन. आमच्याकडे आवाहनापासून विसर्जनापर्यंत लिहायचं नाही, वाचायचं नाही. पोथ्या, पुस्तकं, पेन सगळं पाटावर. बाबा म्हणाले, "लॅपटॉपही ठेव. तुझं शस्त्र तेच ना?"
"बाबा, प्रेसला फाईल द्यायचीय."
"सरस्वतीले काय सांगू मंग? जरा थांब, प्रेस बोलावते म्हणून?"
ठेवला. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं.

तरी ताई वाचत असेल म्हणून फोन केला. तर ती म्हणते, "मीही पूजेतच मांडलं न तुझं बाड. कालच वाचायले काढलं होतं, तेवढ्यात एका नवरीचे ब्लाऊज आले. आता दसऱ्याले उतरवीन." घरातून गेली, पण रीत घेऊन गेली! गजाननभाऊ म्हणे, नवमीला मशीनचीही पूजा, प्रेस बंद. सगळं वऱ्हाड माझ्या पुस्तकाला हळदीकुंकू वाहून हात जोडून बसलंय आणि वाचायला कोणी तयार नाही. बाबा हाक मारताहेत. ही वहीही पाटावर.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा
विसर्जन झालं. मधले दिवस कसे काढले मलाच ठाऊक. डाळीचे डबे घासले, कपाटं लावली, हात सारखे खाजवत होते. बाबा शांत. मला बघून म्हणाले, "जरा न लिहिल्यानं कोणी मरत नाही." मरत नाही, पण चिडतं.

ताईला पहिला फोन. सोनं दिल्याघेतल्याचं बोलणं झालं. म्हणाली, "उतरवलं. वाचतो आज."

४ ऑक्टो., शनि.
ताईचा फोन. एवढंच, "उद्या ये. एकटी ये."
आवाजावरून काही कळलं नाही. जेवण गेलं नाही.

५ ऑक्टो., रवि.
दुकान बंद ठेवलं होतं तिनं. गठ्ठा शिलाई मशीनवर. बसायच्या आधीच म्हणाली, "धारणीले जीप घेऊन कोण आलं होतं?"
"बाबा."
"तुले कोणं सांगितलं?"
बाबांनीच. मी तेव्हा नागपूरला होस्टेलवर. सुट्टीत घरी आले तेव्हा ताई अकोल्यात होती, शिवणकाम शिकत होती, आणि बाबा म्हणाले, मी घेऊन आलो तिला. आई शेवटपर्यंत काही बोलली नाही. मी तेच धरून बसले. त्यावर जीप चढवली, सेमाडोहचं जंगल चढवलं, बापाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

ताई सांगत गेली. कोणी आलं नव्हतं. ती स्वतः पहाटेच्या बसनं निघाली, ओठ फुटलेला, अंगावरच्या लुगड्यानिशी. अमरावतीच्या घरी ओसरीवर बसली. बाबांनी आत घेतलं नाही. "म्हणे, नवऱ्याले न सांगता आलेली पोरगी मी घरात घेतली, तर लोक मले मंगलकार्याले बोलावतील का? ओसरीतच चहा दिला. आणि परत बसमध्ये बसवून दिलं. आई दाराआड रडत होती, तिचा आवाज येत होता मले." परतवाड्याला उतरून तिनं अकोल्याची बस धरली, मैत्रिणीकडे आली. तेव्हापासून ताई इथंच.

"इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"
"कोणी इचारलं?"

निघताना म्हणाली, "छापायचं तर जसं झालं तसं छाप. नाहीतर मले काढून टाक त्याच्यातून. पन हे खोटं माझ्या अंगावर चढवू नोको. आन बाबाच्या हातून निघणार असंन, तर मी येत नाही तिथं."

ताई आमच्याकडे येते तेव्हा ओसरीतच बसते. आत उकडतं म्हणते. मी दर वेळी पंखा लावून द्यायची. इतकी कशी मी मठ्ठ.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी
दूध आटवलं, बाबांना दिलं, बोलले नाही. प्रचंड राग आलाय. राग येतो आणि त्यांचे थरथरते हात दिसतात, मग स्वतःचाच येतो. ज्या जीपमध्ये हा माणूस कधी बसलाच नाही, ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत होता. मला वाटत होतं, भाषा आवडली.

८ ऑक्टो., बुध.
सातवं नव्यानं लिहिलं. हातानं, पुरवण्यांवर. एका बैठकीत झालं. जुन्याच्या निम्मंही नाही, आणि त्याहून बरं आहे. बरं आहे याचीही लाज वाटते.

गजाननभाऊ: "म्याडम, शुक्रवारपर्यंत फाईल नाही आली तर लग्नपत्रिकांचं काम चढते मशीनवर. मंग माह्या हातात काही नाही." नवं टाइप केलं, दोन्ही फाईली तयार आहेत. एक बाबांची, एक ताईची. पाठवायची एकच.

बाबांना न सांगता छापणं म्हणजे भर सभेत त्यांच्याच हातून त्यांच्या तोंडाला काळं फासणं. तेवढी दुष्ट मी नाही. आणि जुनं छापलं तर ताईला पुन्हा ओसरीतून परत पाठवलं, या वेळी मी.

संध्याकाळी बाबा म्हणाले, वाच. घसा बसलाय म्हटलं.

१० ऑक्टो., शुक्र.
वाचलं.
बाबा संध्या आटोपून आरामखुर्चीत. म्हणाले, "सातवंच ना?" म्हटलं, हो, पण बदललंय. ताईशी बोलून आले. त्यांनी फक्त खुर्चीच्या हाताला धरलं. मी वाचत गेले. बस, फुटलेला ओठ, ओसरी, चहा. चहा पिऊन ती उठते आणि बाप तिला स्टँडवर नेतो, इथपर्यंत. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

संपल्यावर त्यांनी खुर्चीचा हात सोडला. मग म्हणाले, "चहा पेली नव्हती ती."
"काय?"
"तसाच ठेवून गेली. तुझ्या आईनं तो कप मले कोणाले देऊ दिला नाही, धुऊ दिला नाही. ते दुरुस्त कर."
मला रडू आलं. विचारलं, "छापू का बाबा?"
 त्यांनी उलट विचारलं, "ती येते म्हणते का प्रकाशनाले?"
"तुमच्या हस्ते असलं तर नाही."
मान हलवली. मग म्हणाले, "फोन लावून दे तिले."

लावला, त्यांच्या हातात दिला. ताईनं उचलला. तिला वाटलं मीच. "बोल न वं. हॅलो?" बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.
मग म्हणाले, "मी आहो."
 पण फोन ठेवला नाही तिनं, मागे मशीन चालू होती ती थांबल्याचं मलाही ऐकू आलं.  मी पाणी आणायला म्हणून आत आले आणि आतच उभी राहिले. चहाची दुरुस्ती राहिलीय, म्हणून ताईची फाईल अजून पाठवलेली नाही.